सातव्या बरणीचं झाकण

अक्का मंगळवारी गेली. मी बारामतीच्या शाळेत मास्तर; गावी पोचलो, तेव्हा तिला नेलं होतं.

आमचं घर कुंभाराचं, इंदापूर तालुक्यात कळंबजवळ. आबा बरण्या घडवत. त्या वाळल्या की भाजण्याआधी अक्का, माझी थोरली बहीण, त्यांवर वेल काढी. निळा रंग भट्टीत जाईपर्यंत काळपटच दिसतो. त्यावर तिनं काचेचा पांढरा लेप चढवला की वेल दिसेनाशी होते, आणि भाजून निघाल्यावर निळी होऊन वर येते. मला लहानपणी दर वेळी धास्ती वाटे. अक्का म्हणायची, "हाय तितंच. जातीय कुठं?"

तिनं रंगवलेल्या सात बरण्या पडवीत फळीवर होत्या. लेप द्यायचा राहिला होता.

दहाव्या दिवशी आत्यानं घर धुवायला काढलं. तांब्यापितळेची भांडी राखेनं घासली. माठ, मडकी, गाडगी मात्र सुतकातली म्हणून रीतीप्रमाणे बाहेर नेऊन फोडली. मग ती फळीकडे वळली.

"आत्या, त्यांना हात लावू नको."

"मातीचं भांडं हाय. सुतकातलं ठेवत न्हाईत."

"ते भांडं न्हाय अजून."

"मग काय हाय, बारामतीचं मास्तर? तुमच्या बुकात काय म्हनत्यात त्याला?"

आबा भिंतीला टेकून बसले होते.

मी सातव्या बरणीचं झाकण उचललं. त्यावर अक्कानं एकच फूल काढलं होतं. झाकण पाण्याच्या घमेल्यात सोडलं आणि आत्याला जवळ बसवलं. आधी बुडबुडे आले. मग कड सुटली, फूल पसरलं, आणि थोड्या वेळानं तळाशी गाळ तेवढा राहिला.

"भांडं असं विरघळतं व्हय?" मी म्हणालो. "भाजलं न्हाय तवर ही मातीच. मातीला सुतक असतं, तर अंगनबी फेकावं लागंल."

आत्यानं गाळात बोटं घातली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मीबी कुंभाराचीच लेक हाय रं येड्या. नुसतं सांगितलं असतंस तरी कळलं असतं. झाकन घालवलंस की."

"फेकत न्हाईस न्हवं?"

"न्हाय. पर लेप कोन देनार?"

"मी."

तो मी दिला. एकेक वेल पांढऱ्याखाली गेली आणि या वेळी मला धास्ती वाटली नाही. आबा उठले, त्यांनी भट्टी लावली. ती निवल्यावर आम्ही दार उघडलं. सातही बरण्यांवर वेल निळी होऊन आली होती.

सहा बरण्या इंदापूरच्या बाजारात गेल्या, अक्का असताना जात तशाच. सातवी बिनझाकणाची म्हणून कोणी घेतली नाही.

ती माझ्या टेबलावर आहे. तिच्यात मी लिहायचा टाक ठेवतो.