मिठावरचं माप

आत्या कुणाच्याही घरी गेली की लगेच बसायची नाही. आधी खुर्चीवर तळहात दाबून बघायची, मग दोन बोटांनी तिची कड चाचपायची आणि मगच टेकायची. पापडीच्या चर्चमध्ये आम्ही एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा तिथल्या बाकाचीही तिने अशीच तपासणी केली. मागच्या रांगेतल्या बायका हसायला लागल्या. आत्या वळून त्यांना म्हणाली, "हसताय काय? डोकं उभ्यानेही चालतं. बुडाला जागा लागते." त्या आणखी हसल्या, आणि लग्न संपेपर्यंत त्यांतल्या दोघींनी तिला घरी जेवायला बोलावलंही होतं. मी शेजारी मान खाली घालून बसले होते. मला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त हेवा वाटत होता. शाळेत तीन वर्षं एकाच बाकावर बसणाऱ्या मुलीनेही मला कधी घरी बोलावलं नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. ती आमच्याच घरी, माणिकपूरला राहायची. शेती खात्यात नोकरीला होती आणि केळीच्या बागांवर पडणारे रोग बघत गावोगाव फिरायची. पापडीतला एक ओळखीचा माणूस आखातात नोकरीला निघाला, तेव्हा त्याची क्रूझर मोटरसायकल तिने विकत घेतली. लांबलचक, बुटकी गाडी, हँडल बैलाच्या शिंगांसारखं वर आलेलं. आमच्या सोसायटीत तेव्हा पुरुषांकडेसुद्धा स्कूटरच होत्या. आई म्हणाली, "शालू, लोक काय म्हणतील?" आत्या म्हणाली, "वहिनी, लोकांपर्यंत आवाज जाईल तेव्हा मी पुढच्या नाक्यावर असेन."

सातवीपासून ती मला रोज सकाळी शाळेत सोडायची. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात मला इंग्रजी बोलायची भीती वाटायची आणि घरी मराठी वाचताना अडखळायला व्हायचं, म्हणून मी दोन्हीकडे गप्प असायचे. आत्याने त्यावर उपाय काढला. मागे बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायच्या. गाडीचा आवाज इतका की माझं वाचन फक्त तिला ऐकू जायचं. "पिठाची गिरणी, विद्युत उपकरणे, येथे केळफूल मिळेल." चुकलं की ती मान न वळवता ओरडायची, "ळ! जीभ मागे घे की जरा!" आज मी हे मराठीत लिहिते आहे ते त्या सीटमुळे. शाळेच्या फाटकाशी मी उतरायचे तेव्हा मुली वळून बघायच्या. एकदा एकीने विचारलं, "ती कोण?" मी म्हटलं, "माझी आत्या." त्या वर्षातलं माझं ते सगळ्यात लांब संभाषण होतं.

मी नववीत असताना आत्याचं माकडहाड दुखायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी सोडा नाहीतर सीट बदला. गाडी सोडायचा प्रश्नच नव्हता. जेवताना तिने पोळीवर बोटाने आकृती काढून आम्हाला समजावलं. लांब सीट उतरती असते, माणूस घसरत राहतो आणि सगळा भार शेपटीच्या टोकावर येतो. तिला हवी होती एकट्याची सीट, खोलगट, मागून कमरेला टेकू देणारी. मागे जी जागा उरेल तिथे पानांच्या नमुन्यांची पेटी बसवता येईल.

"आणि मनू?" आईने विचारलं.

"मनू आता मोठी झाली. मुलींबरोबर रिक्षाने जाईल. चार मैत्रिणी तरी होतील तिला."

मी भाताचा घास बराच वेळ तोंडात घोळवत राहिले. मला मैत्रिणी नको होत्या. मला ती पेटी दिसत होती, माझ्या जागेवर बसून विक्रमगडपर्यंत जाणारी.

सीटची निवड दोन महिने चालली. पहिली तयार सीट मुंबईहून आली, खाली दोन स्प्रिंगा असलेली. गाडी खड्ड्यात जायची आणि आत्या वर यायची. "ही सीट नाही, हा जत्रेतला पाळणा," म्हणून तिने ती चार दिवसांत परत केली. दुसरी चामड्याची, पातळ, मासिकातल्या चित्रासारखी सुंदर. तिची कड मांडीत रुतायची. "ही बघायची आहे, बसायची नाही. अशी माणसंही असतात," आत्या म्हणाली. प्रत्येक सीट परत गेली की जुनी लांब सीट पुन्हा गाडीवर चढायची आणि मीही. आत्या कमरेला पट्टा बांधून मला शाळेत सोडायची, आणि मी मागे बसून खुशाल पाट्या वाचायचे. तिला दुखतंय हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

शेवटी रिक्षा स्टँडमागचे गजूदादा मिळाले. ते रिक्षांच्या सीटा आणि हूड शिवायचे. त्यांचं घराणं मिठागरावरचं, त्यामुळे मापाची त्यांची स्वतःची रीत होती. गाडीची सीट काढून उघड्या पत्र्यावर ते ओलसर जाड्या मिठाची अर्धी गोणी ठेवत. गिऱ्हाइकाने तिच्यावर हँडल धरून, गाडी चालवतोय असं बसायचं. मग उठलं की मिठात जो खळगा उरतो, त्याचा ते पुठ्ठ्यावर साचा काढत आणि त्यावरून फोम कापत.

"हलू नको, बाय," ते आत्याला म्हणाले. "रेती सरकते, मीठ धरून ठेवतं. मिठाला मानसाचं वजन कळतं."

"दादा, माझं कळलं तर कुणाला सांगायचं नाही हां त्याने," आत्या म्हणाली. गजूदादा इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. पुन्हा तेच. दहा मिनिटांत माणूस तिचा झाला होता.

ती उठली. मिठात रुंद, खोल खळगा पडला होता. गजूदादा पुठ्ठा आणायला निघाले आणि रेक्झिनचा रंग निवडायला आत्याही त्यांच्यामागून पलीकडच्या दुकानात गेली. "गाडीकडे बघ गं," मला म्हणाली.

मी गाडीकडे बघितलं. त्या खळग्याकडे बघितलं. त्यात माझ्यासाठी कुठेच जागा नव्हती. मग मी गोणी दोन्ही हातांनी हलवून सपाट केली, वर चढले, हँडल धरलं आणि सगळा जोर लावून बसले. हात ताणले तरी जेमतेम पोचत होते. मी मनात दोनशेपर्यंत आकडे मोजले आणि उतरून पुन्हा कोपऱ्यात उभी राहिले.

गजूदादा परत आले. त्यांनी चष्मा वर केला, पुठ्ठा मिठावर धरला, पुन्हा बाजूला केला. मग म्हणाले, "बाय, तू दिसतेस दांडगी, पन बैठक तुझी बारीक हाय गो."

आत्याने खळग्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या निळ्या स्कर्टच्या मागे पांढरे मिठाचे खडे चिकटले होते, हे मला नंतर कळलं. ती माझ्याजवळ आली, तिने हाताने माझा स्कर्ट झटकला आणि दादांना म्हणाली, "असेल. या दुखण्याने आटले असेन. काढा साचा."

आठवड्याभराने सीट तयार झाली. काळं रेक्झिन, कडेने तपकिरी गोट. आत्या तिच्यावर बसली आणि तिचा चेहरा क्षणभर आकसला. गजूदादा हात पुसत समोर उभे होते. ती म्हणाली, "झकास!"

त्या सीटवर ती सहा वर्षं बसली. मी रिक्षाने जायला लागले आणि मला मैत्रिणी झाल्या नाहीत. संध्याकाळी आत्या घरी आली की स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, उभ्यानेच चहा प्यायची. आई म्हणायची, "एवढी मापाने शिवलेली सीट, आणि तू उभी काय राहतेस?"

"दिवसभर बसूनच असते गं, वहिनी."

काही दिवसांनी सीटवर टॉवेलची घडी आली, मग हवेची उशी. बाबा म्हणाले, "दुसरी करून घे." आत्या म्हणाली, "गजूदादाला वाटेल त्याचं मीठ चुकलं. म्हातारा माणूस आहे, मनाला लावून घेईल." हे बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि कधीकधी वाटायचंही. पण सकाळी गॅलरीतून ती पेटी मागे बांधून एकटी निघालेली दिसली की मनात यायचं, दुखू दे.

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना आत्याची बदली कोकणात, रत्नागिरीकडे झाली. सामान टेम्पोत चढलं. क्रूझर मात्र खाली जिन्याजवळ तशीच उभी होती. मी परवाना काढलेला तिला माहीत होता. तिने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "गाडी तुला. तेल वेळेवर बदल. आणि सीट बदलू नकोस, मापाची आहे."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने हात पुढे केला आणि माझा कुर्ता मागून एकदा झटकला. तिथे काहीही नव्हतं. मग ती टेम्पोत ड्रायव्हरशेजारी चढली. बसण्याआधी तिने सीटवर तळहात दाबून बघितला, आणि टेम्पो वळणाआड जाईपर्यंत त्या ड्रायव्हरला हसवत होती.

सीट मला अगदी बरोबर बसते. टेकू नेमका कमरेला लागतो, मांड्यांना कड लागत नाही. विरारला मनवेलपाड्यातल्या शिकवण्या आटपून परत येते तेव्हासुद्धा अंग दुखत नाही. एकटीच असते. मागे कुणाला घेताच येत नाही.

परवा तिचं पत्र आलं. तिथे तिने एक साधी मोटरसायकल घेतली आहे. लिहिते, "लांब सीट आहे, आली तशीच ठेवली आहे. शेजारच्या एका मुलीला शाळेत सोडते, फार अबोल आहे बिचारी. मागे बसून पाट्या वाचते. ळ मात्र पहिल्या दिवसापासून स्वच्छ म्हणते हो!"

पत्र घडी करून मी खाली उतरले, गाडी काढली आणि पापडीपर्यंत गेले. दोन्ही बाजूच्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत गेले, एकही न सोडता. केळीवाला, नारळवाला, गोळ्या-बिस्किटांचं दुकान. एकही ळ चुकला नाही, आणि ऐकायला पुढे कुणी नव्हतं.