मालूमावशीचा बंब

बॉयलरच्या पांढऱ्या पत्र्याला खालच्या अंगाला काडेपेटीएवढी एक खिडकी होती आणि त्या खिडकीतून आतली ज्योत दिसायची... निळी, लहान मुलाच्या दुधाच्या दातांसारखी ओळीने उभी असलेली. मी तेव्हा तिसरीत होते. बाथरूमच्या ओल्या फरशीवर उकिडवी बसले की ती खिडकी बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायची, आणि शारजातल्या जानेवारीच्या सकाळी, बाहेर धुक्याने समोरच्या मशिदीचा मिनार अर्धा पुसलेला असताना, त्या निळ्या दातांकडे बघत बसणं हा माझा एक गुपचूप छंद होता. मला फारसं बोलायला आवडत नसे. बघायला आवडे.

आम्ही अल नहदाच्या टॉवरांमध्ये राहत नव्हतो. ते गच्चीवरून नुसते दिसायचे. आमचं घर म्हणजे एका जुन्या व्हिलाचा मागचा तुकडा. मालकाने भिंती घालून व्हिलाची तीन घरं केली होती, आणि आमच्या वाट्याला जे बाथरूम आलं ते पूर्वी कधीतरी स्वयंपाकघर होतं. म्हणून तिथे गॅसची लाइन होती, म्हणून तिथे गॅसचा बॉयलर होता, आणि म्हणूनच त्या खोलीच्या भिंतीत वर एक जाळी आणि दाराच्या तळाशी दुसरी जाळी होती. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच चटके द्यायचं, तेव्हा बॉयलर बंद असे. हिवाळ्यात तो पुन्हा जागा होई — टिक, टिक, टिक अशा ठिणग्या, मग ‘भप्प’ असा एक गुबगुबीत आवाज, आणि पाण्याला हळूहळू येणारी ऊब.

त्या वर्षी तो जागा झाला तो आईच्या बाळंतपणासाठी.

आईची मोठी बहीण, मालूमावशी, कराडहून व्हिजिट व्हिसावर आली. तिच्या बॅगा उघडल्या तेव्हा आमच्या एसीच्या, कार्पेटच्या, रूम फ्रेशनरच्या घराला अचानक एक वेगळंच अंग फुटलं. सुंठ, वावडिंग, बाळंतशेप, तुपात तळायचा डिंक, आणि या सगळ्यांवर तरंगणारा ओव्याचा उग्र, उबदार वास. खसखस तेवढी नव्हती. इथे खसखस आणली तर विमानतळावरून थेट तुरुंगात नेतात, हे आईने फोनवर तिला इतक्यांदा बजावलं होतं की मावशी उतरल्यापासून प्रत्येक पोलिसाकडे संशयाने बघत होती. “खसखशीला घाबरतात आणि बंदुका घेऊन हिंडतात,” ती म्हणाली. “बिनखसखशीचे लाडू खाऊन कसली उठणार माझी बहीण!”

मावशी म्हणजे कराडच्या तिच्या गल्लीतली मानाची बाई. कुणाच्या घरी मूल झालं की पहिला महिना अंघोळीला तिलाच बोलावणं जायचं. जमिनीवर पाय लांब करून बसायचं, पायांवर बाळ पालथं घ्यायचं, तेलाने चोळून कढत पाण्याचे तांबे ओतायचे आणि तोंडाने अखंड बोलत राहायचं — “कुणाचं गं हे नाक, बापाचं नाक, चेपू का जरा, चेपू का...” आमच्या बाळाला, जिचं नाव पुढे सई ठेवलं, मावशीने पहिल्यांदा पायांवर घेतलं तेव्हा मी दारातून पाहिलं होतं. तिच्या हातांत कसलीही घाई नव्हती. भांड्यात लोणी काढावं तसं ती बाळाला एका हातावरून दुसऱ्या हातावर घ्यायची.

आणि तिचा एकच नियम होता. वारा लागता कामा नये.

बाळंतिणीला वारा बाधतो, ओल्या बाळाला वारा बाधतो. बाथरूमच्या वरच्या जाळीतून धुकट, गार झुळूक यायची. मावशीने पहिल्याच दिवशी स्टुलावर चढून तिच्यात आईची जुनी ओढणी कोंबली. दाराखालच्या जाळीवर टॉवेलाची गुंडाळी आली, आणि खिडकीच्या फटींवर सामानाच्या खोक्यांना लावतात ती तपकिरी पट्टी. बाबांनी स्वतः ती कापून दिली. “पॅक झालं एकदम,” ते म्हणाले. घरातल्या कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. वाटावं असं काही दिसतही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बॉयलर बिघडला.

म्हणजे पेटायचा, पण टिकायचा नाही. मावशी दार लावून आत बसायची, पाणी वाहू लागायचं, आणि थोड्या वेळाने आतून तिचा आवाज यायचा, “अहो प्रशांतराव, बंब गेला बघा!” तिला बॉयलर म्हणता येत असे, पण म्हणायचं नसे. तिच्या लेखी ज्यात पाणी तापतं तो बंब. मग ती बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर यायची, बाबा आत जायचे, दार उघडं ठेवून नळ सोडायचे, आणि बॉयलर मुकाट्याने पेटायचा आणि पेटता राहायचा.

“माझ्यासमोर तर नीट चालतो, ताई.”

“मग तुम्हीच बसा अंघोळीला. माझ्यावर डूख धरलाय मेल्याने.”

बाबा दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या एका ऑफिसात संगणकाचं काम करत. कुठलीही गोष्ट बिघडली की ती पायरीपायरीने शोधता येते, यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी बॉयलरचे जाडे सेल बदलले. शेगडी पेटवून पाहिली. गॅस व्यवस्थित येत होता. वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून त्यातलं वाचत वाचत त्यांनी बर्नरची भोकं सुईने साफ केली, पाण्याचा दाब पाहिला, ठिणगीची तार पुसली. प्रत्येक वेळी दार उघडं ठेवून तपासलं, आणि प्रत्येक वेळी ज्योत टिकली. मग समाधानाने हात पुसत ते बाहेर आले, मावशी आत गेली, दार लागलं... टिक टिक टिक, भप्प, आणि काही वेळाने पुन्हा ती शांतता.

एका संध्याकाळी मावशीने मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन बॉयलरची दृष्ट काढली. आई पलंगावरून इतकी हसली की टाक्यांना कळ लागली म्हणून ओरडली. “ताई, अगं बंबाला कुणाची नजर लागणार?” मावशी गंभीरपणे म्हणाली, “ह्या तुझ्या मुकीची. सारखी टक लावून बघत असते त्याच्याकडे.”

ती मुकी म्हणजे मी.

शुक्रवारी सावंतकाका आले. ते कुडाळचे, साइटवर एसीच्या डक्टचं काम करायचे, एकटे राहायचे, आणि आईच्या हातची आमटी खायला दर शुक्रवारी आमच्याकडे यायचे. त्यांनी बॉयलरचं झाकण काढलं, बाबांनी टॉर्च धरला, आणि दोघं बराच वेळ आत वाकून कुजबुजत राहिले. मग काकांनी एका बारीक तारेकडे बोट दाखवलं. ज्योतीजवळ एक सेन्सर होता. तो मधेच गॅस बंद करत होता. “ह्योच नाटकां करता. ह्याका बाजूक करूया.”

“काही होणार नाही ना?” बाबांनी विचारलं.

“काय्येक होवचा नाय, प्रशांतशेट. सेन्सर खराब झालो, दुसरा काय?” काकांनी ती तार सोडवली, काहीतरी जोडलं, झाकण लावलं. “यल्ला, खलास!”

मावशी आत गेली. दार लागलं. आम्ही सगळे बाहेर कान देऊन उभे राहिलो. पाणी वाहत राहिलं, वाहत राहिलं, आणि दाराच्या कडेने वाफ बाहेर डोकावली. बाबांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी शेवयांची खीर झाली.

तो सेन्सर खराब झाला नव्हता. ज्योतीला हवा लागते. बंद खोलीतली हवा सरू लागली की गॅस तोडून ज्योत विझवायची, एवढ्यासाठीच तो सेन्सर होता. हे आम्हाला फार नंतर कळलं. घरातल्या इतक्या बोलक्या माणसांत ती एकटीच रोज ‘नको’ म्हणत होती, आणि त्या शुक्रवारी आम्ही तिचं तोंड बंद करून खीर खाल्ली.

लहानपण मला वासांनी आठवतं. बाळाच्या टाळूवरचं तेल, शेकलेल्या दुपट्यांचा करपट गोडवा, कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाणसामानाच्या दुकानातून, बाबा आणत ते बखूरचे, अरबी धुपाचे, गोल कोळसे आणि त्यांवर मावशी टाकायची त्या ओव्याची धुरी... पण त्या दिवसांत अर्धवट जळणाऱ्या ज्योतीतून आमच्या घरात जो विषारी वायू भरत चालला होता त्याला वासच नव्हता. रंग नव्हता, आवाज नव्हता. म्हणून मी तो काळ आठवायला बसते तेव्हा हाताला फक्त त्याच्या खुणा लागतात.

आईचं डोकं दुखायचं. “टॉनिक उष्ण पडतंय,” मावशी म्हणाली. मावशीचंही दुखायचं, तिने एसीला दोष दिला. आई अंघोळीनंतर जी झोपायची ती दुपारच्या जेवणालाही उठायची नाही. “बाळंतीण झोपणारच. झोपू दे.” आणि बाळ — सुरुवातीला अंघोळ झाली की घर डोक्यावर घेणारं ते बाळ आता रडेनासं झालं. गाल गुलाबी, पापण्या जड. व्हिलाच्या पुढच्या भागात एक सीरियन बाई राहायच्या, त्यांना आम्ही खाला म्हणायचो. त्या बाळ बघायला आल्या आणि म्हणाल्या, “माशाल्ला, किती शांत!” मावशी अभिमानाने मान डोलवत राहिली. “माझ्या हाताचा गुण आहे.”

मी माझ्या खिडकीतून बघत होते. निळे दात आता निळे नव्हते. ते पिवळे झाले होते, लांब, आळशी, डुलणारे. आणि खिडकीच्या वरच्या पांढऱ्या पत्र्यावर काजळीची एक जीभ उमटली होती. मी बाबांना सांगितलं, “बाबा, द फ्लेम इज यलो.” ते गाडीची किल्ली शोधत होते, दुबईच्या रस्त्यावरची गर्दी त्यांची वाट बघत होती. “इथला गॅस वेगळा असतो, बेटा,” ते म्हणाले.

मग ती सुट्टीची सकाळ आली. बाबा औषधं आणायला गेले होते. मावशीने आईलाही आत घेतलं. आधी बाळाची अंघोळ, मग आईची, असा बेत होता. मी बाहेर कॉटवर चित्र रंगवत होते. दाराआडून नेहमीचं बोलणं ऐकू येत होतं, “कुणाचे गं हे पाय... कुणाचे...” आणि मग वाक्यं लांबायला लागली. शब्दांच्या मध्ये जागा पडू लागली. “कुणाचे...” एवढंच एकदा आलं आणि पुढचा शब्द आलाच नाही.

पाणी वाहत होतं. तांब्या पाण्यात बुडण्याचा आवाज मात्र येत नव्हता.

दार उघडायचं नाही, हे मला घरातल्या प्रत्येकाने सांगितलं होतं. वारा लागतो. मी दारापाशी जाऊन “मावशी?” म्हटलं, माझा आवाज मुळातच लहान. पुन्हा म्हटलं. मग मी दार ढकललं. टॉवेलाच्या गुंडाळीमुळे ते अडत होतं, म्हणून मी खांदा लावला.

वाफेत आई भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. मावशीची मान छातीवर आली होती. तिचे पाय अजून तसेच सरळ लांब होते, आणि त्या पायांवर, तिच्या एका तळव्याखाली, बाळ होतं. मावशीचा हात निसटला नव्हता. मला तो हात उचलावा लागला.

बाळाला उराशी धरून मी अंगणात धावले. मोठ्याने ओरडायची मला सवय नव्हती, आणि जे ओरडले ते शाळेतल्या भाषेत: “हेल्प! समबडी, प्लीज! माय मदर!” खाला हातातलं पीठ तसंच घेऊन आल्या. त्यांनी एका नजरेत आत पाहिलं, आणि मग “बर्रा! बर्रा!” — बाहेर, बाहेर — असं किंचाळत आईला काखेत धरून फरफटत ओढलं, मग मावशीला. त्या मावशीहून बारीक होत्या. गार, धुकट वाऱ्यात माझी उघडी बहीण माझ्या हातांत लोंबत होती, आणि मी तिच्यावर फुंकर घालत होते, का ते माहीत नाही. कितीतरी वेळाने तिने तोंड वाकडं केलं आणि एक बारीक, चिडका, सुंदर आवाज काढला.

तिघी वाचल्या. हॉस्पिटलात मास्क लावलेल्या आईने आधी बाळ मागितलं, मावशीने काहीच मागितलं नाही. डॉक्टरांनी बाबांना एवढंच विचारलं, “बाथरूम में गैस हीटर है? वेंटिलेशन?” बाबा मान खाली घालून उभे होते. त्यानंतर आमच्या घरात या विषयावर कुणी कुणाला एक शब्दही विचारला नाही. कुणी दोष दिला नाही. दिला असता तर कदाचित बरं झालं असतं. मालकाने नवा इलेक्ट्रिक हीटर बसवला. सावंतकाकांचे शुक्रवार हळूहळू बंद झाले. मावशी व्हिसा शिल्लक असतानाच परत गेली. कराडला तिला पुढेही बोलावणी आली, तेव्हा “गुडघे धरलेत” म्हणून तिने प्रत्येकीला नकार दिला, असं आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. त्यानंतर तिच्या पायांवर कुणाचंच मूल आलं नाही.

सई आता माझ्या खांद्यापर्यंत आली आहे, बास्केटबॉल खेळते, आणि घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त बोलते. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. या हिवाळ्यात मावशीचा फोन चालू असताना तिने तो माझ्या हातातून हिसकावून घेतला.

“मावशी, एव्हरीवन्स मावशी कम्स टू स्टे. तू का नाही येत?”

स्पीकर चालू होता. पलीकडे कराडच्या रस्त्यावरून कुठलीशी रिक्षा गेली.

“तुमच्याकडची थंडी सोसत नाही गं मला,” मावशी म्हणाली.

“थंडी? इन शारजा?” सई पलंगावर लोळून हसत सुटली. “मम्मा, ऐकलंस? मावशी इज सो फनी!”

आईने ऐकलं होतं. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती, आणि तिने मागे वळून पाहिलं नाही. मी सईच्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावून गॅलरीत गेले. मावशीने फोन ठेवला नव्हता. तिचा श्वास मला ऐकू येत होता.