पुढच्या वर्षीचा हुरडा

धारूरच्या घाटात गाडी वळणं घेत होती, तेव्हा बायकोनं पहिल्यांदा विचारलं, "अहो, हे तीन दिवस जरा सैल सोडलं तर काय होईल?"

काय सैल सोडायचं, ते मला विचारावं लागलं नाही. परळीतल्या आमच्या घरात आठ महिने भाकरी झाली नव्हती. भात नाही, बटाटा नाही, गूळ तर नाहीच. तिला शुगर निघाली आणि मी वाचायला बसलो. उभा जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेलेला, त्यामुळे कुठलीही अडचण आली की आधी पुस्तक उघडायचं, ही माझी सवय. चार पुस्तकं वाचून मी लो-कार्ब डाएट घरात आणलं. तिच्या ताटात जे, तेच माझ्याही ताटात. तिला एकटं वाटू नये म्हणून, असं मी लोकांना सांगत असे. खरं तर मला त्या आकड्यांची गोडी लागली होती. रोज सकाळी तिच्या बोटातून थेंब काढून साखर मोजायची आणि वहीत लिहायची. आकडा उतरला की मुलाचं प्रगतिपुस्तक बघावं तसा आनंद मला व्हायचा.

घाटात मी तिला लांबलचक उत्तर दिलं. सुट्टीत थोडी मोकळीक द्यावी असं काही जण म्हणतात, पण एकदा सुटलेली सवय पुन्हा धरता येत नाही, असं दुसरे म्हणतात, वगैरे. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मांडीवरच्या डब्यात उकडलेली अंडी, पनीर आणि काकडी होती. संक्रांतीला माहेरी निघालेल्या बाईच्या मांडीवर असा डबा.

तिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, गावाकडची शेती बघतो. त्यानं दुसऱ्या दिवशी रानात हुरडा ठेवला होता. बांधाच्या कडेला खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. निखाऱ्यात गूळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे दुसऱ्याच्या ओंजळीत टाकायचे. चोळणारा सहसा स्वतः खात नाही. त्याच्या हातावर दुसऱ्यानं टाकायचं, अशी रीत.

मी आमचा डबा उघडला तसा मेहुणा हसायला लागला.

"दाजी, तुमच्या घरात भाकरीवर वारंट निघालंय का?"

"डाएट आहे."

"आमच्या म्हशीलाबी कडबा हाय. अन् आमच्या आक्काला अंडं अन् काकडी!" मग तिच्याकडं वळून म्हणाला, "आक्का, कावून ऐकतीस गं त्यांचं?"

"त्यांनी लई वाचलंय बाबा," ती म्हणाली. माहेरी आली की तिची बोली लगेच बदलायची. सगळे हसले, तीही हसली. आणि आगटीपाशी चोळायला बसली.

तिच्यासारखा हुरडा चोळणारं त्या घरात कुणी नव्हतं. कणीस हातात फिरायचं आणि दाणा न दाणा सुटायचा. भाचे, शेजारची माणसं, सगळे तिच्यापुढं ओंजळी धरून बसले होते. मध्येच एकदा तिनं दोन्ही तळहात नाकाशी नेले आणि डोळे मिटले. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "एक मूठ."

मी म्हणालो, "परवा तपासणी आहे. तीन महिन्यांचं सगळं त्यात दिसतं. एवढं निभावलंस, पुढच्या वर्षी पोटभर खा."

तीन महिन्यांच्या सरासरीत एका मुठीनं काही हलत नाही, हे मला माहीत होतं. तेही मी वाचलं होतं.

तिनं मान हलवली आणि पुढचं कणीस उचललं. दुपारी सगळ्यांचं उरकल्यावर मी लिंबाखाली जरा आडवा झालो. उठलो तर ती एकटीच रानातून फिरताना दिसली. बांधाबांधानं तिनं दोन-तीन फेऱ्या मारल्या, पदर खोचून, भराभर. खाल्ल्यावर चालावं हे मीच तिला शिकवलं होतं, त्यामुळे मला बरं वाटलं. नंतर साखर मोजली. आकडा चांगला होता. मी म्हणालो, "शाबास."

तपासणीही चांगली आली. तो कागद मी फ्रिजच्या दारावर लावला.

चैत्रात एका सकाळी दूध तापवताना ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. साखरेचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं. संबंध आहे असं म्हणाले असते तर मला थोडा आधार झाला असता. मग माझ्या त्या पहाऱ्याला काही अर्थ राहिला असता.

या जानेवारीत मेहुण्याचा फोन आला. जायचं नाही असं ठरवूनही मी गेलो. त्याच बांधाला आगटी होती. मेहुणा या खेपेला थट्टा करत नव्हता. त्याची बायको चोळायला बसली होती. मग मेहुणा कणसं आणायला उठून गेला, तसं ती खाली बघत म्हणाली, "दाजी, एक सांगू का? रागावू नका."

"सांगा."

"आक्कानं खाल्लता हुरडा. मागच्या साली. तुमी तिकडं लिंबाखाली पडलतात तवा. मीच दिला चोळून, तुरीच्या आडाला."

मला इतकं हलकं वाटलं की मी हसलो. म्हणजे राहिलं नव्हतं तिचं. मी विचारलं, "आवडला का तिला?"

तिच्या हातातलं कणीस तसंच राहिलं.

"आता काय सांगू. उभ्यानंच खाल्ला. गडबडीत. तुमी उठता का, म्हणून सारखं तिकडं बघत व्हत्या. मी दुसरी मूठ देत व्हते, तर म्हणल्या, नको, त्यांना मोजायचंय. अन् मग चालायला लागल्या."

बांधावरून भराभर चालणारी ती मला पुन्हा दिसली. तेव्हा मी लिंबाखाली बसून कौतुकानं बघत होतो.

मेहुण्याच्या बायकोनं कणीस चोळलं, फुंकर मारली आणि हात माझ्यापुढं केला. मी ओंजळ धरली. दाणे गरम होते. हुरडा गरम असेपर्यंतच गोड लागतो, गार झाला की चिवट होतो. मला ते ठाऊक होतं, पण हात तोंडाकडं जाईना. मेहुणा कणसं घेऊन परत आला, त्यानं ती निखाऱ्यात सारली, तरी मी तसाच बसून होतो.

मग मी तो गार हुरडा खाल्ला. सगळा, एकेक दाणा, बसून.