लाल नेलपॉलिशची रेघ

कल्पना करा, तुम्ही शिलाई मशीनपुढे बसला आहात. चाक हातानं हळूच फिरवायचं. सुई खाली जाते, तळ गाठते आणि वर निघता निघता दोऱ्याचा इवलासा फास सोडते. नेमक्या त्या क्षणी तो फास पकडायला खालच्या शटलचं टोक तिथे हजर पाहिजे. जरा लवकर आलं तर हुकलं, उशिरा आलं तरी हुकलं. ही भेट घडवायची आणि शटलचा स्क्रू आवळून टाकायचा. जमेल?

मशीनताईला ते डोळे मिटून जमायचं. वडिलांनी शिकवलेलं काम. ते गेल्यावर दुरुस्तीचं दुकान तिच्या वाट्याला आलं, दुकानामागची खोली आली आणि त्या खोलीतली शांतताही. पण मान कायम ताठ. “माझ्या हातून गेलेली मशीन परत रडत येत नाही,” असं ती भल्याभल्यांना ऐकवायची.

म्हणून काकूंच्या शिवणघरातली मशीन दुरुस्तीनंतर पुन्हा टाके सोडू लागली, तेव्हा ते तिच्या जिव्हारी लागलं. नीट करून आली, तर पुन्हा निरोप.

शिवणघराच्या मालकीण काकू म्हणजे हौशी लग्नजुळव्या. अर्ध्या गल्लीची लग्नं त्यांनी लावली होती, उरलेली अर्धी त्यांना पाहून रस्ता बदलायची.

“ये गं बाई, आधी चहा घे,” काकू म्हणाल्या. “आमच्या मास्तरांनाही दे जरा. एकटेच असतात बिचारे.”

कापड कापणारे मास्तर बायको गेल्यावर दुसऱ्या गावाहून इथं आले होते. डबासुद्धा खिडकीकडे तोंड करून खायचे. त्यांनी मान न वळवता कप घेतला.

तेवढ्यात काजं करणारी म्हातारी पुटपुटली, “हिच्या बाबांनी हात लावलेली मशीन वर्षानुवर्षं चालायची हो.”

मशीनताईनं कप खाली ठेवला. बापाचं नाव आपण घालवलं की काय?

तिनं स्क्रू आवळला. मग पिशवीतून नेलपॉलिश काढून स्क्रूच्या खाचेवरून थेट शेजारच्या लोखंडापर्यंत लाल रेघ ओढली.

“मशीनला नटवताय?” मास्तरांनी विचारलं. आपणहून बोललेलं हे त्यांचं पहिलंच वाक्य.

“साक्षीदार ठेवतेय.”

मास्तर हसले. तीही हसली, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं.

पुन्हा टाके सुटल्याचा निरोप आलाच. तिनं मशीन उलटी केली. रेघ तुटली होती. एवढंच असतं तर स्क्रू आपोआप सैल झाला म्हणता आलं असतं. पण खाचेतलं पॉलिश स्क्रूड्रायव्हरच्या पात्यानं खरवडलेलं होतं.

“काकू, इकडे या. सगळेच या!” तिचा आवाज खणखणीत झाला. “हा स्क्रू ढिला झाला नाही, ढिला केलाय. कोणी?”

काकू ओढणीची घडी घालत राहिल्या. मग उसळून म्हणाल्या, “मग काय करू? तू मशीन नीट केलीस की वर्षभर तोंड दाखवत नाहीस! तुमचं दोघांचं जमायचं कसं?”

मास्तरांच्या हातातला खडू मोडला.

“काकू, स्क्रू मशीनचा नाही, तुमचा ढिला झालाय. आधी सगळ्यांसमोर सांगा, माझं काम चोख होतं.”

“चोख होतं गं बाई. बापासारखं चोख.”

काजंवाली म्हातारी म्हणाली, “तेच तर म्हणत होते मी.”

दुसऱ्या दिवशी मशीन उत्तम चालू होती. तरीही मशीनताई शिवणघरात आली, डबा घेऊन. मास्तरांनी खिडकीकडची खुर्ची वळवून घेतली.

आता त्या दोघांचा संसार आहे. दुकानामागच्या खोलीत मास्तरांची कात्री आणि तिचे पाना-पक्कड एकाच फळीवर असतात. ती मशीन अजून कुरकुरलेली नाही, हे मशीनताई येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते.

फक्त एक गोष्ट तिला छळते. काकूंना सुईत दोरासुद्धा दुसऱ्याकडून ओवून घ्यावा लागतो. त्या खाचेत बसेल असा स्क्रूड्रायव्हर शिवणघरात एकच होता, मास्तरांचा, कात्री आवळायचा. तिनं कितीदा विचारलं, मास्तर नुसते बोटांवरचा खडू झटकतात.

मग तो स्क्रू फिरवला तरी कोणी?