मंजुळाबाईंचा शेक

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलींना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते — एका दमात सांगते, नाहीतर मध्येच चहा टाकायला उठेन आणि पुन्हा राहून जाईल. मला माहीत आहे ना माझी खोड!

तर, ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नागपुरातल्या एका इस्पितळाची मागची खोली, आणि तिच्यात मी — पदार्थविज्ञानाची ताजी एम.एस्सी., डोक्यात हवा इतकी की वर पंखा नसता तरी चाललं असतं. सोनोग्राफी हा शब्दसुद्धा तेव्हा आमच्याकडे नवा होता. आणि आम्ही काय करत होतो? अंगाच्या आतली उष्णता आवाजानं मोजत होतो! सुई न टोचता!

युक्ती साधी होती. कानाला ऐकू न येणारा आवाज अंगात सोडायचा. आत कुठंतरी आपटून तो परत आला की पडद्यावर एक हिरवं टोक उभं राहायचं. मांस तापलं की आवाज त्यातून जास्त वेगानं जातो, लवकर परततो, आणि टोक डावीकडे सरकतं. जितकं सरकलं, तितकं तापलं. दुखऱ्या सांध्याला शेक देताना आत किती ऊब पोचली ते कळणार. उद्या कर्करोगाच्या गाठी तापवून मारायच्या झाल्या तर तेही कळणार. पहिल्यांदा ते टोक सरकलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून टाळ्या पिटल्या. कुणासमोर? कोमट पाण्यात बुडवलेल्या बोकडाच्या कलेजीसमोर!

ती कलेजी आणि मांस मी लकडगंजकडच्या एका खाटकाकडून आणायची. अर्धं प्रयोगाला, अर्धं घरच्या सावजी रश्श्याला. नवऱ्याला चरबी चालायची नाही, म्हणून खाटकाला रोजची ताकीद — ‘चरबीचा तुकडाही नको गा!’ म्हणजे बघा! विज्ञानाचे नमुने मी नवऱ्याच्या जिभेला विचारून निवडत होते. मग स्वतःच्या दंडावर तपासून पाहिलं. दंड कसला, वाळकी तुराटी नुसती! टोक डावीकडे सरकलं. झालं. सिद्ध!

अशा या विदुषीच्या हाती मंजुळाबाई आल्या.

खापरखेड्याहून बसनं यायच्या. नवरा तिथल्या वीज केंद्रात कामाला. कुल्ह्याचं जुनं दुखणं. अंगानं भरलेल्या, आणि तोंडानं त्याहून. मे महिना होता. पलंगावर पालथ्या पडता पडता म्हणाल्या, “बाहेर सूर्य फुकटात शेकून राहिला, अन् तुम्ही मले इथं झोपवून काहून शेकता वं?” मला त्या फार आवडल्या. हे मुद्दाम सांगते — आवडल्या होत्या.

शेकाचं यंत्र सुरू केलं. त्यांच्या कुल्ह्यावर आवाज सोडणारी डबी धरली, डोळे पडद्यावर. आणि टोक सरकायला लागलं — उजवीकडे!

उजवीकडे म्हणजे थंड. माझ्या हिशेबात तरी. आता सांगा, वरून आग लावली तर माणूस आतून थंड कसा होईल? कुठलीही शहाणी बाई तिथंच थांबली असती. मला वाटलं, शेक आत पोचतच नाहीये. मी बटण वाढवलं.

“बाई, आतून पोळून राहिलं वं.”

“अजून थंडच आहे. इथं दिसतंय ना मला.”

“मग मशीनले थंडी वाजून राहिली असन. मले नाही.”

मी हसले. खरंच मनापासून हसले — आणि बटण आणखी जरासं वाढवलं. थोड्या वेळानं त्या पुन्हा बोलल्या. “बंद करा वं बाई.” या वेळी त्यात गंमत नव्हती. गंमत नाही हे मला कळलं. तरी मी म्हणाले, एकच मिनिट. मला ते टोक डावीकडे वळलेलं पाहायचं होतं. त्यांनी चादर मुठीत धरली.

कातडीवर फोड आले. खाली एक कडक गाठ धरली, ती पुढं विरलीच नाही.

आमचे सर धावत आले. कुल्हा पाहिला, माझ्याकडे वळले. यांनी पोळतंय म्हणून सांगितलं नाही का? प्रश्नातच पळवाटेचं दार उघडं होतं. मी आत शिरले. “नाही सर. काहीच बोलल्या नाहीत.”

बाई तिथंच होत्या. हातभर अंतरावर! सर त्यांनाच ओरडले — अहो, देवानं तोंड दिलंय ना? मंजुळाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता सांगतील, आता सांगतील, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, “चुकलं साहेब.”

आणि याहून वाईट काय ठाऊक आहे? त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत आनंदाचे होते. माझा दंड तुराटी, बाईंचा कुल्हा भरलेला — फरक चरबीचा! मी धावत खाटकाकडे गेले — आज नुसती चरबी दे! तो म्हणाला, “काहून, घरी भांडण झालं का?” चरबी पाण्यात तापवली. टोक उजवीकडे! चरबीत उलटं होतं हो — तापली की आवाज मंद होतो! जगात ते आधीच ठाऊक होतं म्हणे, मला नव्हतं. मी त्या खोलीत एकटी नाचले. चरबीचा थर वेगळा मोजायला शिकले, आकडे जुळायला लागले, लोकांनी पाठ थोपटली, पुढं मोठी जागा मिळाली. चरबी तपासायचं सुचलं कसं, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, सहज.

पुढं विद्यार्थ्यांना शिकवताना मी दरवर्षी एक किस्सा सांगायची. एक बाई होत्या, भाजून फोड आले तरी तोंडातून शब्द काढला नाही. म्हणून रुग्णाच्या सांगण्यावर विसंबू नका, पडद्याकडे बघा. मुलं माना डोलवायची. मीही इतकी रंगवून सांगायची की कधीकधी मलाच खरं वाटायचं. आमच्या प्रताप नगरातल्या घरापासून खापरखेडा असं किती लांब? बस होती. मी कधी गेले नाही.

मंजुळाबाई बोलल्या होत्या. दोनदा. पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा मी नीट ऐकलं — आणि यंत्र बंद केलं नाही.