बंबाचं पितळी तोंड

निजामाचं राज्य गेलं तरी जालन्याच्या आगीच्या बंबावरचा एक रिवाज गेला नव्हता. पाण्याच्या नळीचं पितळी तोंड सगळ्यात जुन्या माणसाच्या घरी राहायचं. आग कुठंही लागो, तो आल्याशिवाय पाणी सुटायचं नाही. कित्येक वर्षं ते तोंड माझ्या देवळीत होतं. मी धापा टाकत पोचलो की गडी चेष्टा करायचे, "आला बरं का नवरदेव, आता निघू द्या वरात!" मला ते गोडच लागायचं.

मग नगरपालिकेनं बंबाचा जमादार केलं ते मला नाही, माझ्याच हाताखाली शिकलेल्या माणसाला. आल्या-आल्या तो म्हणाला, "उस्ताद, तोंड आता नळीलाच राहील. जो आधी पोचंल तो धरंल."

मी "बराबर" म्हणालो. रोज सकाळी तो कवायत घ्यायचा आणि गडी हसतखेळत पळायचे. माझ्या काळात ते माझ्यावर हसायचे, माझ्याबरोबर नाही. हे मला फार लागलं.

खंडेनवमीला मी तोंड पूजेसाठी घरी मागितलं. "न्या की. पर जल्दी आणा, उस्ताद," तो म्हणाला. चिंचेनं घासलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. तेवढ्यात बंबाची घंटा झाली.

बायको म्हणाली, "अहो, घंटा वाजून राह्यली ना?"

"आरती होऊ दे."

आरती झालेली होती. तिलाही ते ठाऊक होतं. मला एवढंच पाहायचं होतं, माझ्यावाचून अडतं का.

अडलं. जिनिंगच्या आवारात कापसाचा ढीग पेटला होता. तोंडाविना पाण्याची धार लांब जाईना, म्हणून जमादार उघडी नळी घेऊन थेट जाळाला भिडला. मी पोचलो तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत भाजून सोलवटले होते.

नगरपालिकेच्या साहेबांनी विचारलं, "तोंड कुठं होतं?"

"पूजेला गेल्तं. माझ्या परवानगीनं," तो म्हणाला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

त्याची जमादारी गेली. ती मला मिळाली. पितळी तोंड मी घरी नेलं नाही. नळीलाच ठेवलं, आणि खंडेनवमीची पूजाही बंबावरच करतो. नव्या पोरांना गडी सांगतात, "तोंड नळीलाच ठेवायची पद्धत त्या आधीच्या जमादारानं लावली."

खरंच आहे ते. तरी अजून मला ऐकवत नाही.