घरचा मसाला

शेंगदाणा खाल्ला तर मी मरतो. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललोय की माझं मलाच आता त्याचं काही वाटत नाही. पण नाशिककडच्या शेतकऱ्याच्या घरात असं बोलणं म्हणजे मला पाणी चालत नाही असं सांगण्यासारखं. आमच्याकडे वांग्यात कूट, मेथीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, आणि उपासाला तर कूटच कूट. पाहुणा टेकला की चहाच्या आधी गूळ-दाण्यांची वाटी पुढं येते. ती नको म्हणणारा पोरगा एक तर आजारी असतो नाही तर माजलेला.

वडिलांच्या मते मी माजलेला होतो. नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट, मी नववीत होतो. कुठं लग्नात एखादा लाडू तोंडाला लागला तरी ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या. घरात त्याला पित्त म्हणत. एका दुपारी द्राक्षबागेत जेवायला बसलो असताना वडिलांनी माझं डोकं गुडघ्यांत धरलं, नाक दाबलं आणि श्वासासाठी तोंड उघडलं तसे मूठभर दाणे आत कोंबले. सवय लागंल, म्हणाले. मी त्यांच्या बोटाला कडकडून चावलो. रक्त आलं. त्याबद्दल कानाखाली दोन बसल्या, आणि दाणे गिळले गेलेच. थोड्याच वेळात डोळे सुजून मिटले, घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मोठ्या भावानं मला ट्रॉलीत टाकून नाशकाला नेलं, म्हणून आज हे लिहितोय.

शहरातल्या डॉक्टरांनी ॲलर्जी हा शब्द सांगितला. परत येताना वडील म्हणाले, डॉक्टरलाही पोट असतं. त्यांनी पुन्हा जबरदस्ती केली नाही, पण मेले तोवर मानलंही नाही. आई मानायची तेही तिच्या पद्धतीनं. पोहे सगळ्यांसाठी एकत्रच करायची आणि माझ्या ताटलीतले दाणे बोटांनी वेचून काढायची. वेचले की झालं, असा तिचा हिशोब. मी ताटली भिरकावायचो. एकदा ती तिच्या कपाळाला लागली, खोक पडली. त्याची लाज मला अजून वाटते, आणि त्या ताटलीतलं मी खाल्लं असतं तर काय झालं असतं हेही तेवढंच आठवतं.

लग्नानंतर बायकोनं पहिल्या वर्षातच चूल वेगळी केली. आईनं गावभर सांगितलं की शेंगदाण्याचं निमित्त करून हिनं माझा पोरगा तोडला. मी काय काय सांगून पाहिलं, डॉक्टरांचे कागद दाखवले. त्या घरातल्या कुणीतरी, मी जमिनीवर लोळत नसताना, माझं खरं मानावं, एवढीच माझी इच्छा होती. तिशी आली तरी ती भागली नव्हती.

दोन हजार सालानंतर आमच्या भागातली द्राक्षं परदेशी जायला लागली. माल घेणाऱ्या कंपनीनं आम्हा पंधरा-सोळा बागायतदारांना इटलीतल्या बागा दाखवायला न्यायचं ठरवलं. भाऊ होता, मीही होतो. बायकोनं आठवडाभर झोप सोडली. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनच्या दोन काचेच्या कुप्या, सिरिंजा आणि विमानतळावर दाखवायला पत्र दिलं. ते सगळं मी कमरेच्या पाकिटात बांधलं आणि आंघोळीपुरतंच सोडलं. कंपनीच्या तिकडच्या माणसाकडून त्यांच्या भाषेत एक चिठ्ठी लिहून घेतली. जेवणात शेंगदाणा, त्याचं तेल किंवा त्याचं पीठ आलं तर मी मरेन, माझी थट्टा करू नका, असा मजकूर होता. शेवटचे चार शब्द माझे.

तिकडं कुणी थट्टा केली नाही. पहिल्याच हॉटेलात वेटरनं चिठ्ठी वाचली आणि आत नेली. आतून एक जाडजूड आचारी हात पुसत आला. माझ्यासमोर त्यानं पिठाच्या पिशवीवरचं बारीक अक्षर वाचलं, मान हलवली, पिशवी बाजूला ठेवली, दुसरी आणली. मला आत बोलावून धुतलेली कढई दाखवली. त्या माणसाचा माझा काय संबंध? मला भडभडून आलं, आणि लगोलग घरच्या सगळ्यांचा असा संताप आला की मला पुढ्यातला घास नीट गिळवेना. आमच्या लोकांनी ते बघितलं आणि मला चिठ्ठीवाला म्हणायला लागले. दुसऱ्या दिवशी तर भावानंच वेटरला हातवारे करून सांगितलं, आमच्या राजेसाहेबांचं आधी बघा.

चौथ्या दिवशी आम्ही एका शेतावरच्या लॉजमध्ये उतरलो. तिथं स्वयंपाकघर मोकळं होतं. चार दिवस पाव आणि फिक्क्या भाज्या खाऊन सगळ्यांची तोंडं मेली होती. भावानं बॅगेतून शेवेचा डबा आणि आईनं बांधून दिलेला सुका मसाला काढला, आणि शेवभाजीचा रस्सा टाकला. कांदा-खोबऱ्याचा तो वास जिन्यावर आला तेव्हा मला रडू येईल असं झालं. माझ्या बायकोनं बांधून दिलेल्या दशम्या संपल्या होत्या. मी खाली गेलो आणि भावाला विचारलं. एकदा नाही, दोनदा विचारलं.

"दाणे नाय त्यात," तो म्हणाला. "आई बांधत व्हती तव्हा मी सोता पाह्यलंय."

परक्या देशात मी प्रत्येकाला चिठ्ठी दाखवत फिरलो आणि सख्ख्या भावाचा शब्द घेतला. तीन घास खाल्ले. चौथा हातात असताना जीभ खाजली आणि मला कळलं. जिभेच्या खाजेनंतर किती वेळ असतो हे मला पाठ होतं.

"कूट आहे का?" मी विचारलं.

"कूट हाय थोडं, रस्सा दाट व्हायला. दाणे कुठंयत?"

तो खोटं बोलत नव्हता. आमच्या घरात दाणे म्हणजे डोळ्यांना दिसणारे दाणे. कूट कुणी मोजत नाही, मीठ जसं मोजत नाहीत. आईनं माझ्यासाठी म्हणून दाणे घातले नव्हते, फक्त कूट घातलं होतं.

मी ताट लाथेनं उडवलं. गरम रस्सा दोघांच्या अंगावर गेला. एकानं मला धरून पाठीत दणादण गुद्दे घातले, घास अडकला असं समजून. मी त्याला कोपर मारलं. ओठ टम्म झाले होते, शब्द फुटेना. पाकीट फाडल्यासारखं उघडलं, कुपीची मान मोडायला गेलो आणि ती बोटांतच फुटली. अर्धं औषध माझ्या रक्तात मिसळून फरशीवर सांडलं. दुसरी कुपी भावानं हिसकावली.

त्याला वाचता जेमतेमच येत होतं, पण सुई टोचता येत होती. गोठ्यातल्या गाईंना तोच टोचायचा. त्यानं कुपी मोडली, औषध ओढलं, माझ्या छातीवर गुडघा रोवला. मग गाईला करतो तसं मांडीवर दोनदा जोरात थापटलं आणि तिसऱ्या थापेला पँटवरूनच सुई घुसवली. ती हाडाला भिडली असं वाटलं. मी ओरडलो असतो, पण घसा बंद होता. कुणीतरी भिंतीवर डोकं आपटत देवाचं नाव घेत होतं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं: लॉजवाली बाई फोनवर किंचाळतेय, गाडीचं छत, नाकावर रबरी मास्क.

दुसऱ्या सकाळी दवाखान्यात मला उठून बसता आलं. भाऊ दारात उभा होता, शर्टावर कालचा रस्सा तसाच. मी खाट सोडून गेलो आणि त्याच्या थोबाडीत मारली. मोठ्या भावाला. पुन्हा मारली, मग बुक्का मारला, त्याच्या नाकातून रक्त आलं. दोन नर्स मला ओढत होत्या. त्यानं हात वर केला नाही.

"मार," तो म्हणाला. "पण आईला सांगू नको."

मी हो म्हणालो. राहिलेले दिवस आम्ही शेजारी बसून बागा बघितल्या. वेलींची छाटणी कशी करतात ते वहीत लिहून घेतलं, एकमेकांशी बोललो नाही.

घरी पोचलो ती दुपारची वेळ होती. ओट्यावर आई, माझी बायको, सगळे जमले. माझं उतरलेलं तोंड पाहून आईनं विचारलं काय झालं. भाऊ पटकन म्हणाला, तिकडचं काहीतरी खाल्लं, बाधलं त्याला. आईनं माझ्या बायकोकडं बघितलं.

"ह्या कोरड्या दशम्यांनी काय व्हतंय," ती म्हणाली. "म्हणून तर मी घरचा मसाला दिल्ता. तो खाल्ला असता तर पोरगं असं नसतं आलं."

भावाचा हात माझ्या दंडावर आला. मी तो झटकला. पंधरा वर्षांचं सगळं एकदम तोंडात आलं.

"तोच खाल्ला," मी म्हणालो. "तुझ्या कुटानं मेलो होतो मी. दादाला विचार."

तिनं भावाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली, आणि तेवढ्यानं तिला पटलं. कागदांनी पटलं नव्हतं, वडिलांनी दाणे कोंबले त्या दुपारीही पटलं नव्हतं. मग तिनं स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, गालावर, कपाळावर, कुठंही. गालांवर बोटं उठली तरी ती थांबेना. भावानं तिचे हात धरले, माझी बायको तिच्या पायाशी बसली आणि "आई, नका, नका," असं म्हणत राहिली.

मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मी उभ्या जागेवरून हललो नाही.